पडणाऱ्याच दातांची एवढी काळजी कशाला?

मुलाचा पहिला दात पडला की घरात छोटासा समारंभच होतो. कुणी तो कौलावर भिरकावतं, कुणी तुळशीपाशी पुरतं, कुणी उंदराच्या बिळाशी नेऊन ठेवतं, म्हणजे उंदरासारखे बारीक, धारदार दात यावेत. दाताला निरोप देण्याची अशी साग्रसंगीत सोय आपण पिढ्यान् पिढ्या करून ठेवली आहे. तो तोंडात असताना मात्र त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या वरच्या पटाशीच्या दातांचे तपकिरी खुंट उरलेले दिसतात आणि आजी म्हणते, "दुधाचेच आहेत गं, पडून नवे येतील."

आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे. नवे येतील. पण कधी, कुठे, कसे आणि तोवर मुलानं काय करायचं, हा उरलेला अर्धा भाग आजीच्या वाक्यात नाही. तो समजला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हे दात वाचवायचं काम दातांच्या डॉक्टरापेक्षा आशाताई, अंगणवाडीताई आणि उपकेंद्रातल्या नर्सबाई यांच्या हाताशी अधिक आहे.

१. वीस दात आणि त्यांची नोकरी

बाळाला साधारण सहाव्या महिन्यात खालचा पहिला दात येतो. कुणाला दोन महिने आधी, कुणाला पहिला वाढदिवस होताहोता. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दातांचा संच पुरा होतो: आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. सहाव्या-सातव्या वर्षी ते पडू लागतात, पण पुढच्या दातांपासून. गफलत होते ती इथे. पुढचे दात डोळ्यांदेखत पडतात, म्हणून सगळेच दुधाचे दात पहिलीत जाता जाता संपणार असा समज होतो.

हिशेब करून बघू. मागची दुधाची दाढ सव्वादोन वर्षांच्या आसपास येते आणि अकराव्या वर्षाच्या आसपास पडते. म्हणजे तिची नोकरी जवळजवळ पावणेनऊ वर्षांची. बालवाडीपासून पाचवीपर्यंतची प्रत्येक भाकरी, प्रत्येक शेंगदाणा तिनं चावायचा आहे. तिसऱ्या वर्षीच ती किडून दुखायला लागली, तर मूल पुढची आठ वर्षं त्या बाजूनं चावणार नाही, किंवा मऊ आणि गोडच मागत राहील.

दुधाच्या दाताचं दुसरं काम कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. ते म्हणजे जागा धरणं. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा राखतात, तसा दुधाचा दात खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून असतो. रुमाल वेळेआधी उचलला, तर शेजारचे सरकून बसतात. मूळचा प्रवासी येतो तेव्हा त्याला वाकडंतिकडं उभं राहावं लागतं. मोठेपणी दातांना तारा बसवाव्या लागतात, त्यातल्या काहींची सुरुवात अशी एखादी दुधाची दाढ लवकर काढावी लागल्यानं झालेली असते.

बोलण्याचंही आहेच. 'त, थ, द, ध' यांना व्याकरणानं दंत्य म्हटलं ते उगाच नाही. जीभ दातांना टेकल्याशिवाय ते नीट उमटत नाहीत. आणि दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर अगदी त्याच्याखाली घडत असलेल्या कायमच्या दाताला इजा पोचू शकते. घडणीत बिघाड झालेला तो दात मग जन्मभराचा सोबती.

एक धोक्याची जागा इथेच सांगून ठेवायला हवी. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, काहीही न पडता, एक नवी दाढ गुपचूप उगवते. ती कायमची असते. जुना दात पडलेला नसल्यानं घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्यावरही आजीचं तेच वाक्य लागू होतं.

२. कीड आहे, पण किडा नाही

'दात किडला' या शब्दानं मराठी माणसाची जरा दिशाभूल केली आहे. दातात अळी असते आणि ती पोखरते, ही समजूत जगभर फार जुनी आहे. जत्रेत दातातून 'कीड काढून दाखवणारे' त्याच समजुतीवर पोट भरत आले. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसेल असा कोणताही जीव दातात नसतो. असतात ते सूक्ष्म जिवाणू. त्यांतला एक मुख्य आरोपी, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, १९२४ मध्ये किडलेल्या दातातून ओळखला गेला. हे जिवाणू दात खात नाहीत. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. दात झिजतो तो त्या आम्लानं.

संगमरवरी देवघरावर लिंबाचा थेंब पडून राहिला तर तिथली चकाकी जाते. दाताचं तसंच होतं. आम्लाची तीव्रता पीएच या मापानं मोजतात. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तोंडात तो आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण थरातले क्षार विरघळायला लागतात. रॉबर्ट स्टेफन या अमेरिकी संशोधकानं १९४० च्या दशकात दाखवलं की गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच आकडा खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. पूर्ववत करण्याचं काम लाळ करते. ती आम्ल पातळ करते, आणि विरघळलेले क्षार परत दातावर बसवते. लाळ हा घरचाच गवंडी आहे. त्याला वेळ मिळाला तर तो रोजची पडझड रोज लिंपून काढतो.

आता दोन भावंडं घ्या. दोघांना आठ-आठ गोळ्या मिळाल्या. थोरल्यानं जेवणानंतर एकदाच फस्त केल्या. धाकटा दर तासाला एक चघळत बसला. साखर दोघांनी सारखीच खाल्ली. पण प्रत्येक वेळी अर्धा तास आम्लाचा धरला, तर थोरल्याच्या दातांवर आम्लाचा मारा एकदाच झाला, आणि धाकट्याच्या दातांवर आठ वेळा, म्हणजे चार तास. गवंड्याला लिंपायला वेळच मिळाला नाही.

हे फक्त तर्कानं ठरलेलं नाही. स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ नंतरची काही वर्षं यावर प्रयोग झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फार किडले नाहीत, आणि दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे वेगानं किडले. हे सत्य ज्यांच्या दातांच्या किमतीवर कळलं, ते त्या संस्थेत ठेवलेले मतिमंद रुग्ण होते आणि त्यांची संमती कुणी विचारली नव्हती. दंतशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग आजही येतो. तो सांगताना ही बाजू गाळू नये.

३. ओठ उचलून बघा

लहान मुलांतली कीड मोठ्यांपेक्षा वेगळ्या वाटेनं येते. ती आधी वरच्या पुढच्या चार दातांवर दिसते. खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण दूध पिताना जीभ त्यांच्यावर पांघरुणासारखी असते आणि लाळेचा झराही तिथेच.

कारण बहुतेक वेळा रात्री दडलेलं असतं. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवूनच बाळ झोपी जातं. झोपेत लाळ जवळजवळ आटते. म्हणजे गवंडी रजेवर आणि साखर कामावर. चोखणी मधात बुडवून देणं, रडू थांबवायला गूळपाणी, दिवसभर हातात चहात बुडवलेलं बिस्किट, सर्दी-खोकल्याची गोड औषधं ही त्याच कुटुंबातली भावंडं. (एक वर्षाखालच्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये. त्याचं कारण दातांहून गंभीर आहे. मधातल्या काही जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.) आईचं दूध मात्र यात आरोपी करू नये. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही स्तनपान चालू ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दात आले की ते पुसायला आणि घासायला सुरुवात करायची, एवढंच.

सुरुवातीची खूण ओळखायला दवाखाना लागत नाही. बाळाला मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ हलकेच उचला. हिरडीला लागून दातावर खडूनं ओढल्यासारखी पांढुरकी, निस्तेज रेघ दिसते का? तिथले क्षार कमी झाले आहेत, पण खड्डा पडलेला नाही. या टप्प्यावर दात अजून परत येऊ शकतो. रात्रीची बाटली थांबवली, फ्लोराइडच्या पेस्टनं घासणं सुरू केलं, तर ती रेघ तिथेच थांबते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की मात्र आपोआप भरत नाही.

पांढऱ्या रेघेपासून खड्ड्यापर्यंतचा प्रवास दुधाच्या दातांत झपाट्यानं होतो. त्यांचं कठीण आवरण कायमच्या दातांच्या सुमारे निम्म्याच जाडीचं असतं.

४. डॉक्टर उशिरा भेटतो

भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे बालवाडीतल्या दोघांपैकी एक. जगाचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात दिला: दुधाच्या दातांत उपचाराविना राहिलेली कीड असलेली मुलं ५१ कोटींहून अधिक.

एवढ्या मुलांना खुर्चीत बसवून दात भरणं कोणत्याही देशाच्या आवाक्यातलं नाही. शिवाय मूल दंतवैद्याकडे पोचतं ते गाल सुजल्यावर, रात्रभर रडल्यावर. तोवर पांढऱ्या रेघेची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दात तपासून घ्यावेत, असं बालदंतवैद्यांच्या संघटना सांगतात. पण भामरागडच्या किंवा अक्कलकुव्याच्या आईनं त्यासाठी जायचं कुठे?

मग मुलाला वेळेवर भेटतं कोण? इथे गंमत आहे. भारतातल्या मुलाला पहिल्या पाच वर्षांत सरकारी आरोग्यसेवेची माणसं पुनःपुन्हा भेटतात, आणि त्या भेटींचं वेळापत्रक दातांच्या वेळापत्रकाशी जणू कुणी जुळवून ठेवल्यासारखं बसतं.

आशाताईंचं बघा. बाळाच्या जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत त्या घरी येतात. २०१८ पासून त्यांच्या भेटी पुढेही वाढवल्या आहेत: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. सहावा महिना म्हणजे वरच्या आहाराची सुरुवात आणि पहिला दात. नववा-बारावा म्हणजे रात्रीच्या बाटलीची सवय जडण्याचा काळ. पंधराव्या महिन्यापर्यंत पहिल्या दाढा डोकावतात. दातांविषयी दोन वाक्यं बोलायला याहून नेमकी वेळ कुणाला सापडायची नाही.

त्यानंतर लस. नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेलाची लस असते आणि तिच्यासोबत 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी हा गोड चमचा मिळत राहतो, एकूण नऊ वेळा. नऊ वेळा एक प्रशिक्षित नर्स मुलाचं तोंड उघडते, चमचा रिकामा करते आणि तोंड मिटतं. त्याच वेळी वरचा ओठ उचलायला पाच सेकंदही लागत नाहीत.

तीन ते सहा वर्षांची मुलं रोज अंगणवाडीत असतात. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या या योजनेची महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक केंद्रं आहेत. आणि वर्षातून दोनदा तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक येतं. या कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधून झाली. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता असं हे पथक जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तीस प्रकारचे दोष आणि आजार शोधतं. दातांचे विकार त्या यादीत आहेत.

माणसं आहेत, यादी आहे, तारखा आहेत. मग रोजच्या या भेटींतून दात खरंच वाचतात का? याचं सर्वांत चांगलं उत्तर एका थंड, पावसाळी देशात मिळतं.

५. स्कॉटलंडच्या बालवाडीतले ब्रश

स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, पुणे जिल्ह्याहून बरीच कमी. गोडखाऊपणात मात्र हा देश प्रसिद्ध. २००३ च्या तपासणीत तिथल्या पहिलीच्या मुलांपैकी ४५ टक्केच मुलांच्या दातांत उघड कीड नव्हती. बाकीच्यांच्या होती, आणि गरीब वस्त्यांत चित्र आणखी वाईट. पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा मार्ग तिथे घेतला गेला नाही. सरकारनं २००५ मध्ये आराखडा आखला आणि २०१० पर्यंत साठ टक्के मुलं निर्दोष दातांची करायचं ठरवलं. त्यातून 'चाइल्डस्माइल' हा कार्यक्रम २००६ पासून उभा राहिला.

त्यातली मुख्य कल्पना इतकी साधी आहे की ऐकणारा थोडा हिरमुसतो. तीन-चार वर्षांची मुलं बालवाडीत रोज एकदा, बाईंच्या देखरेखीखाली, फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासतात. बस्स.

पण साध्या गोष्टीतली करामत तपशिलात असते. तीस मुलं, तीस ब्रश आणि एक पेस्ट: गोंधळ आणि जंतूंची देवाणघेवाण, दोन्ही हमखास. म्हणून प्रत्येक ब्रशवर वेगळं चित्र, कारण मुलांना नाव वाचता येत नाही पण आपला ससा ओळखता येतो. ब्रश उभे ठेवायला खाचांची घडवंची, एकाचा दुसऱ्याला स्पर्श होणार नाही अशी. पेस्टची नळी थेट ब्रशला लावायची नाही. एका ताटलीत अंतर ठेवून पेस्टचे ठिपके काढायचे आणि मुलानं आपला ठिपका आपल्या ब्रशनं उचलायचा. नळ आणि बेसिन नसलं तरी चालतं. मुलं टेबलाशी बसून कोरड्या ब्रशनं घासतात आणि कागदी रुमालात थुंकतात.

आणि चूळ भरत नाहीत. आपल्याकडे दात घासले की खळखळून चुळा भरणं म्हणजे स्वच्छता. पण पेस्टमधला फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहावा हाच घासण्याचा निम्मा हेतू असतो. चूळ भरली की तो मोरीत जातो. थुंकायचं, पण धुवायचं नाही, हे आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागेल. मात्र ज्या अंगणवाडीत उन्हाळ्यात पिण्याचं पाणीच हंड्यानं आणावं लागतं, तिथे बिनपाण्याची ही पद्धत फार सोयीची आहे.

बालवाडीबाहेरही काम चालतं. पाच वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक मुलाला किमान सहा वेळा ब्रश आणि पेस्टचं पाकीट फुकट मिळतं. बाळंतपणानंतर घरभेटीला येणारी परिचारिका अडचणीतलं घर हेरते आणि तिथे मौखिक आरोग्याची सेविका पाठवते. ती आईशी बाटलीबद्दल बोलते आणि जवळचा दंतवैद्य गाठून देते. आपल्या आशाताईंचीच ही स्कॉटिश बहीण म्हणायची.

परिणाम? निर्दोष दातांची मुलं २०१० मध्ये ६४ टक्के झाली, म्हणजे ठरवलेल्या साठच्या पुढे. २०२० च्या तपासणीत हा आकडा ७४ टक्क्यांपर्यंत पोचला. खर्चाचा हिशेब ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडला. बालवाडीत ब्रश करून घ्यायला वर्षाला साधारण १८ लाख पौंड लागत होते. पाच वर्षांच्या मुलांच्या दातांवरच्या उपचारांचा खर्च मात्र २००१-०२ मधल्या सुमारे ८८ लाख पौंडांवरून २००९-१० मध्ये निम्म्याहून खाली आला. सगळं श्रेय ब्रशला देता येणार नाही, पण ब्रशनं आपले पैसे वसूल करून दिले, यात शंका नाही.

या यशोगाथेला दोन ठिगळंही आहेत. पहिलं म्हणजे दरी कमी झाली, बुजली नाही. २०२० मध्येही सर्वांत गरीब वस्त्यांतल्या ५८ टक्के मुलांचे दात निर्दोष होते, तर सुखवस्तू वस्त्यांत ८७ टक्के मुलांचे. दुसरं ठिगळ फ्लोराइड व्हार्निशचं. हा लेप वर्षातून दोनदा दातांवर लावतात, आणि तो पुष्कळ देशांत उपयोगी ठरला आहे. बाराशेहून अधिक बालवाडीतल्या मुलांवर झालेल्या स्कॉटिश चाचणीत मात्र, रोज ब्रश चालू असताना वरून व्हार्निश लावल्यानं पडलेला फरक लहान आणि अनिश्चित निघाला. ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा सरळ अर्थ असा, की हाती मोजके पैसे असतील तर आधी ब्रश आणि मग लेप.

६. तांदूळ आणि वाटाणा

"पण फ्लोराइड विष असतं ना?" यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडच्या काही गावांतल्या माणसानं हे विचारलं तर त्याचं चुकत नाही. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतका जास्त आढळतो की मुलांच्या कायमच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्यांची हाडंही आखडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगला. दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचा. त्यापलीकडे अपाय.

फ्लोराइडचं गणित मिठासारखं आहे. चिमटीनं आमटी सुधारते, मुठीनं बिघडते. तो दातातल्या क्षारांत जाऊन बसतो आणि त्यांना आम्लापुढे टिकाव धरायला लावतो. गवंड्याच्या मालात मिसळलेलं चांगलं सिमेंटच ते. प्रश्न फक्त मात्रेचा.

भारतात टूथपेस्टमधला फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये आणि आकडा नळीवर छापावा, असा कायदा आहे. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. तिचं वजन साधारण ०.१ ग्रॅम, म्हणून फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, साधारण पाव ग्रॅम, म्हणून पाव मिलिग्रॅम. मुलानं ती सगळी गिळली तरी १ मिलिग्रॅमच्या पाण्याचा पाव लिटरचा पेला प्यायल्याएवढंच झालं. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पसरलेली पेस्ट दाखवतात ती नळी लवकर संपावी म्हणून. तिच्यावर विश्वास ठेवू नये. ज्या गावाच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी पाणी बदलायचं आणि पेस्टचं दंतवैद्याला विचारून ठरवायचं.

राखुंडी आणि मशेरी या दोन्ही गोष्टी मुलांच्या तोंडापासून लांबच बऱ्या. राखुंडीनं दात घासून पातळ होतात. मशेरी तर भाजलेली तंबाखू. आई रोज सकाळी ती लावताना शेजारी बसलेलं मूल बघत असतं, आणि मुलं जे बघतात तेच करतात.

घासायचं कुणी? मुलाच्या हातात ब्रश द्यावा, पण काम मोठ्यानं पुरं करावं, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत. जे मूल आपलं जेवलेलं ताट नीट घासू शकत नाही, ते मागची दाढ नीट घासेल अशी अपेक्षा कशाला?

७. खड्डा पडलाच तर

गावात ड्रिल नाही, भूल देणारा डॉक्टर नाही आणि मूल तीन वर्षांचं. अशा वेळी एक छोटी बाटली कामी येते: सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागेवर बारीक ब्रशनं थेंब लावायचा. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात घट्ट करतो, आणि बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. टोचणं नाही, कोरणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध घेतलं, आणि फ्लोराइडची पेस्टही.

मेख एकच आहे. किडलेला भाग कायमचा काळा होतो. मागच्या दाढेत कुणाला दिसत नाही, पण पुढच्या दातावर आईला ते खपत नाही. म्हणून लावण्याआधी फोटो दाखवून, समजावून, होकार घ्यावा लागतो. काळा डाग म्हणजे थांबलेली कीड, हे आईला पटवण्यात डॉक्टरपेक्षा ओळखीच्या ताईंना जास्त यश येतं.

८. अडतं कुठे

यादी, तारखा आणि माणसं असूनही हे सगळीकडे होत नाही, ते का? महाराष्ट्रात प्रयत्न नाहीत असं नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. ३० मे २०२३ ला राज्याच्या स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर 'स्माईल अ‍ॅम्बॅसडर' झाले. फलकांवरच्या हसऱ्या चेहऱ्यानं लक्ष वेधलं जातं. पण स्कॉटलंडचा धडा असा, की सवय लागते ती रोज एकाच वेळी ब्रश हातात आल्यानं.

आणि तो हातात द्यायचा कुणी? अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आधीच आहार, वजनं, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणं आहे. 'आणखी एक काम' म्हणून दात त्यांच्याकडे सोपवले तर एक रजिस्टर वाढेल, दात वाचणार नाहीत. बालवाडीत सकाळच्या गाण्यानंतर दोन मिनिटं, नोंदीशिवाय, असं ते बसवायला हवं. सामानही फार नाही. तीस मुलं, रोज पाव ग्रॅम, वर्षाचे २५० दिवस: पेस्ट लागते १,८७५ ग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅमच्या एकोणीस नळ्या. दर तीन महिन्यांनी ब्रश बदलला तर वर्षाला १२० ब्रश. एका मध्यम आकाराच्या खोक्यात अंगणवाडीचं वर्ष मावतं.

खरी अडचण त्या मुलांची, जी कोणत्याच खोक्यापाशी थांबत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला बीडच्या गावांतून ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रक निघतात. मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीच्या यादीत राहतं आणि मूल कारखान्याजवळच्या कोपीत. चार-पाच महिने ते फडाच्या कडेला ऊस चघळत बसतं, आणि 'अ' जीवनसत्त्वाचा चमचा, आशाताईंची भेट, पथकाची फेरी, सगळं चुकतं. साखरेच्या सर्वांत जवळ असणाऱ्या या मुलांपर्यंत आरोग्यसेवा कोपीवर गेली तरच पोचेल. त्यांच्यासाठी गावातली अंगणवाडी कितीही आदर्श झाली तरी उपयोगाची नाही.

बाकीच्या घरांना मात्र थांबायचं कारण नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर नऊ महिन्यांच्या लसीची तारीख बघून ठेवा. त्या दिवशी चमचा देऊन झाला की नर्सबाईंना म्हणा, "ताई, जरा ओठ उचलून दातही बघता का?"